सामाईक बांध

मोजणीवाले साडेदहाला येणार होते आणि हैबतराव सातलाच नरहरीच्या अंगणात येऊन उभे राहिले. बावीस वर्षांनी. नरहरीची बायको गंगूबाई अंगण झाडत होती, ती खराटा हातात धरून बघतच राहिली. चुलत का होईना, थोरला दीर. तिने डोक्यावर पदर घेतला आणि नवऱ्याला उठवायला आत गेली.

तसं प्रकरण साधं होतं. गावाच्या क्रीडांगणावर व्हॉलीबॉलचं एकच कोर्ट. सकाळी नव्या फ्लॅटमधले साहेबलोक खेळायचे, संध्याकाळी गावातली पोरं. मुलींच्या वाट्याला काय, तर रस्त्याकडेची पट्टी. ग्रामपंचायतीने मुलींसाठी दुसरं कोर्ट मंजूर करून आणलं. त्याला चार गुंठे हवे होते, आणि क्रीडांगणाला लागून वावरं होती ती या दोघा चुलतभावांची. दोन गुंठे याने द्यायचे, दोन त्याने, मधला बांध मोडायचा. ग्रामसेवक एवढंच म्हणाला की आधी सरकारी मोजणी करून घ्या, म्हणजे कुणाची हद्द कुठवर ते कागदावर येईल.

मोजणी म्हटलं की हैबतराव काहीतरी निमित्त काढायचे. वर्षभर त्यांनी काही तारीख पडू दिली नाही. कधी भात उभं आहे, कधी कंबर धरली आहे. आणि गंमत म्हणजे तिकडे नरहरीचंही तेच. दादाला हो म्हणू दे, मग मी बघतो. गाव म्हणायचं, भूगावकडून बिल्डर सरकत येतोय ना, भाव चढायची वाट बघतायत म्हातारे. गावाला काय, तोंड आहे, बोलतं. जमिनीच्या भावाचा इथे काडीचा संबंध नव्हता. हैबतरावांनी बांध कोरला होता.

दर साली एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ. नांगर बांधाला घासून न्यायचा आणि फाळ जरासा आत घालायचा. दोन बोटं माती सुटते, कोण बघतंय? आजोबांच्या वेळी त्या बांधावरून बैलगाडी जायची. आता कोंबडीलाही तोल सांभाळावा लागला असता. आपण एकट्याने एवढा बांध खाल्ला कसा, याचं कधीकधी हैबतरावांनाच नवल वाटायचं, आणि मग मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नरहरीशी बोलणं तुटलं ते त्यातूनच. भांडण असं झालंच नव्हतं. एकदा नरहरी समोरून आला आणि मान वळवून गेला. तेव्हाच हैबतरावांनी ओळखलं, याला कळलंय. त्यानंतर दोन्ही घरांत लग्नं झाली, मयतं झाली, पण हे दोघे एका पंगतीला बसले नाहीत.

गेल्या महिन्यात मात्र रेश्मा, हैबतरावांची नात, चेंडूमागे रस्त्यावर धावली. खडी घेऊन चाललेला डंपर तिच्यापासून हातभरावर थांबला. हैबतराव समोरच उभे होते. पोरगी चेंडू घेऊन हसत परत गेली. त्याच दिवशी त्यांनी ग्रामसेवकाला सांगितलं, मोजणी लाव. मग नरहरीनेही मुकाट सही केली. आता सगळ्या गावापुढे मोजणीच्या साखळीने आपल्याला चोर ठरवण्यापेक्षा आपल्या तोंडाने सांगितलेलं बरं, म्हणून ते आले होते.

नरहरी डोळे चोळत बाहेर आला. ये म्हणाला नाही, बस म्हणाला नाही.

"नरहरी, मी बांध कोरलाय," हैबतराव म्हणाले. "दर साली एक तास. आज मोजणीत निघंल. पंचांफुडं काय बोलायचं ते बोल, मी मान खाली घालून ऐकीन. पर पोरींचं कोर्ट आडवू नगंस."

नरहरीचा चेहरा खर्रकन उतरला. तो वळला आणि आत निघून गेला. गेला ते बरोबरच केलं, हैबतराव मनात म्हणाले. कोण माफ करील?

साडेदहाला टेबल मांडलं, साखळी पडली. निम्मा गाव जमला होता. रेश्मा आणि तिच्या मैत्रिणी शाळेला दांडी मारून आल्या होत्या. मोजणीदाराने नकाशा एकदा ताडून पाहिला, मग पुन्हा एकदा पाहिला, आणि त्या दोन वितींच्या बांधावर अगदी मधोमध खुंटी ठोकली. म्हणाला, हद्द ही. वीस वर्षं नोकरी झाली, पण बोटभरही न सरकलेली हद्द आजच बघतोय. भावाभावांत माया असावी तर अशी. ग्रामसेवक खूश झाला. नेटसुद्धा याच रेषेवर येईल, असं त्याने रेश्माला दाखवलं.

हैबतराव खुंटीकडे बघत राहिले. चूक आहे, पुन्हा मोजा, हे अगदी ओठावर आलं होतं. एवढ्या वर्षांची चोरी गेली कुठे? मग त्यांनी बांध ओलांडला आणि पलीकडून पाहिलं. ही बाजू त्यांनी इतक्या वर्षांत कधी नीट पाहिलीच नव्हती. तिकडे बघायची हिंमत कुठे होती? त्या बाजूलाही फाळाचे तसेच घाव होते, तितकेच खोल.

नरहरी शेजारी येऊन उभा राहिला होता. त्याने मान वर केली नाही.

"दादा," तो हळूच म्हणाला, "मला वाटायचं तुला कळलंय, म्हणून तू बोलत न्हाईस."