हातभर भुसा

खाणीतून निवृत्त होऊन नेरडीगोंड्याला आलेले मोतीराम सकाळपासून लेकीच्या काचेच्या टाकीसमोरून हलले नव्हते. दीक्षानं हॅमस्टरसाठी टाकीत हातभर खोल लाकडाचा भुसा भरला होता, आणि त्यात बीळ करून बसलेला हॅमस्टर कालपासून दिसलाच नव्हता.

"काढ त्याले बाहीर."

"बाबा, त्याले खोल भुसाच लागते. खाली खुशाल झोपला असंन तो."

"खुशाल असंन, असंच म्हणत होते सारे. तवाबी."

दीक्षाचा भाऊ अनुपदादा खाणीत उतरला, वरून छत कोसळलं आणि तो वर आलाच नाही. तेव्हापासून घरात त्याचं नाव कुणी काढत नसे.

मोतीराम काचेवर ठोकायचे, कान लावायचे, थांबायचे. "आत असला तं ठोकून सांगते माणूस," असं पुटपुटायचे आणि पुन्हा ठोकायचे.

दीक्षा चहा ठेवायला वळली, तेवढ्यात त्यांनी दोन्ही हात कोपरापर्यंत भुशात घातले. फरशीभर भुसा उडाला.

"काय करून राह्यले बाबा? त्याचं घर मोडलं ना!"

झोपमोड झालेला हॅमस्टर मोतीरामांच्या ओंजळीत होता. तो बोटाला कचकचून चावत होता, तरी ते सोडत नव्हते.

"पाह्य, जित्ता हाय. नुसत्या हातानं निंगला." ते तिच्याकडे वळले. "मंग त्या दिवशी तूनं मले काऊन धरून ठेवलं, दीक्षा? काऊन खोदू नाई देल्लं?"