चाचणीपुरतं उत्तर

पालघरच्या ऑफिसात बसून वर्षाराणीने बोईसरच्या एका कारखान्यासाठी छोटासा सर्व्हर बनवला होता. टाकीत उतरण्याआधी कामगारांनी एआयला विचारायचं आणि एआयने त्या सर्व्हरमार्फत गॅसचं मीटर वाचून उत्तर द्यायचं. मीटर अजून जोडलं नव्हतं, म्हणून चाचणीपुरतं तिने एकच ठरलेलं उत्तर घालून ठेवलं होतं. आज स्क्रीनवर कारखान्यातून चाचणीचा नव्हे, खराखुरा प्रश्न उमटला, 'चार नंबरच्या टाकीत गॅस आहे का?' पाठोपाठ तिचंच वाक्य गेलं, 'नाही. खुशाल उतरा.' चार नंबरवर आज तिचे बाबा, पुंजाराम, कामाला होते. त्यांचा फोन गेटवर जमा. वाजून वाजून शेवटी वॉचमनने उचलला. "भैया, पुंजारामजी को उतरने मत दो!" तो धावला. वर्षाराणीने फोन कानाला धरून ठेवला. मग बाबांचाच आवाज आला, "उतरलो नाही, पोरी. विचारल्याबरोबर 'उतरा' म्हणालं. म्हटलं, यानं वाकून बघितलंच नाही."