वसतिगृहाची दारं

पाथर्डीजवळच्या मुलींच्या वसतिगृहाची फक्त दारं बाकी होती. त्यांची मंजुरी नगरच्या कार्यालयात अडकली होती. तोवर अधीक्षिका लीना मॅडमनी नळ, वीज, रंग, सगळं उरकून घेतलं. पण दारांशिवाय मुलींना ठेवायचं कसं? आज पालक ऊसतोडीला निघणार होते. मुलीही शाळा सोडून उसाच्या फडात जाणार. नगरहून रिकाम्या हातानं परतलेल्या मॅडम फाटकातच थिजल्या. प्रत्येक चौकटीत दार होतं. एक निळं, एक पत्र्याचं, एकावर हळदीच्या हातांचे ठसे. "कुणी मंजूर केली?" त्यांनी कसंबसं विचारलं. "आमीच," बिजागरी ठोकत एका मुलीचा बाप, कानिफनाथ म्हणाला. "घरची काढून आणली. तुमची आली की परत द्या." "अहो, मग सहा महिने घरं उघडी?" त्यानं आत उभ्या लेकीकडं पाहिलं. "चोरानं न्यावं असं घरात काय ऱ्हातंय, मॅडम? हाय ते तुमच्याकडंच ठेवून चाललोय की."