सोफ्यामागे

"भुऱ्याचं हृदय मोठं झालंय, फुप्फुसात पाणी साठतंय. गोळी एक दिवसही चुकवू नका," जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. काकूंनी चुकवली नाही. रोज सकाळी सोफ्यावर बसलेल्या काकांच्या हातावर त्यांची हृदयाची गुलाबी गोळी ठेवायची आणि भुऱ्या कुत्र्याला त्याची पांढरी, पावाच्या तुकड्यात दडवून. वर ऐकवायचंही, "बघा, तो कसा मुकाट गिळतो. नाहीतर तुमची नाटकं!"

तरी भुऱ्या खोकून खोकून गेला.

तिसऱ्या दिवशी काकूंनी कित्येक महिन्यांनी तो अवजड सोफा सरकवला. मागे पांढऱ्या गोळ्यांचा सडा पडला होता. लबाडाने पाव तेवढा खाल्ला होता.

काकू खाली बसल्या. "मेल्याने फसवलं हो मला!" रडत रडत त्या गोळ्या गोळा करू लागल्या आणि त्यांचा हात थबकला. पांढऱ्यांत, धुळीने माखलेल्या तितक्याच गुलाबी गोळ्याही होत्या.

त्यांनी वर पाहिलं. काकांचे पाय सुजले होते. दोन वाक्यांसाठीही त्यांना धाप लागत होती.

"तो थुंकायचा, ते दिसायचं मला. पण सांगितलं असतं, तर तू सोफा सरकवला असतास."