बाळाबाईची पायरी

पाटीचा एक खिळा निघाला होता, दुसरा हलायला तयार नव्हता. स्टुलावर उभे राहून हातोडी चालवताना डॉक्टर श्यामसुंदर घामाघूम झाले होते. ‘मनोविकारतज्ज्ञ’ ही अक्षरे त्यांनी मोठ्या हौसेने रंगवून घेतली होती. घणसोली गावात, एसटीडी बूथच्या शेजारी दवाखाना थाटून वर्ष होत आले, पण पेशंट काही आत येईना. सोमवारपासून औषध कंपनीत नोकरी. डॉक्टरकी संपली.

याचे सगळे खापर डॉक्टर फोडत ते घरमालकिणीच्या डोक्यावर. बाळाबाई सकाळपासून दवाखान्याच्या पायरीवर ठाण मांडून बसायची. कोणी चढू लागला की अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, “काय रं, डोका फिरलाय काय?” येणारा बिचारा ‘पत्ता चुकला’ म्हणून काढता पाय घ्यायचा. शेजारच्या खोलीत भाड्याने राहणारा हौसेराव, मार्केटात गोणी वाहणारा साताऱ्याचा गडी, आज सकाळीच असा पळाला होता.

शेवटी डॉक्टरांचा तोल सुटला. “बाळाबाई, दिवसभर इथंच का बसता? घरात कामं नाहीत?”

“कामा हायेत, पन हात लावावासा वाटत नाय,” ती म्हणाली. “मिठागर गेला तवापासून असाच हाय. पहाटं डोला उघडतो, पाय तिकडंच निंगतात. मंग आठवतं, तिकडं आता बिल्डिंगी. जेवन जात नाय. उगाच रडू येतं.”

डॉक्टर स्टुलावरून खाली उतरले. वर्षभर ते पेशंटची वाट पाहत होते आणि रोज हिलाच ओलांडून आत जात होते. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

“आत चला,” ते हळूच म्हणाले. “औषध आहे यावर.”

“आत? आत येडी लोका जातात! इचारायचा तं हितंच इचार.”

झाले! डॉक्टर पँट सावरत पायरीवरच बसले. झोप, भूक, मिठागरातल्या मैत्रिणी, एकेक विचारत गेले. बाळाबाई आधी तुटक बोलली, मग बोलतच राहिली. तेवढ्यात हौसेराव कामावरून परतला. पायरीशी थबकून ऐकू लागला.

डॉक्टरांकडे न बघताच तो म्हणाला, “बाळाबाई, मलाबी असंच हुतंय बगा. गाव सोडल्यापास्नं.”

बाळाबाईने त्याला आपादमस्तक न्याहाळले. डॉक्टरांना वाटले, आता हा पुन्हा पळणार!

तिने डॉक्टरांना कोपराने ढोसले.

“सरक जरा. पेशंटला बसू दे.”