समईचं तेल

"काकी, समईपाशी जपून," यमुनाकाकींच्या अंगावर जॅकेट चढवत कारखान्याचे साहेब म्हणाले. "हे नवं कापड पावसाचं पाणी अडवतं, पण तेल लगेच पितं. जुन्या कापडावर तेलही टिकत नव्हतं. पण त्यातलं विषारी रसायन आम्ही बंद केलं. उरलेला जुना मालही नष्ट केला."

त्या रसायनाच्या सांडपाण्यानं गावच्या विहिरी नासल्या होत्या. काकींनी घराघरांतून बायका गोळा केल्या आणि कारखान्याच्या फाटकात ठाण मांडलं. पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या, तरी हटल्या नाहीत. आज त्याच फाटकात मंडप होता. शालीऐवजी नव्या कापडाचं जॅकेट देऊन काकींचा सत्कार होता, आणि तसलीच जॅकेटं कंपनीनं सगळ्या गावाला फुकट वाटली होती.

"जिंकलो आपण, काकी," शेजारची सुगंधा कानाशी म्हणाली.

काकींचे डोळे भरून आले. वात पेटवताना हात काठोकाठ भरलेल्या समईला लागला आणि तेल बाहीवर सांडलं. नवंकोरं जॅकेट पहिल्याच दिवशी डागाळलं म्हणून त्यांचा जीव चरकला. घाईनं त्यांनी पदर पुढे केला.

पुसायला काही उरलंच नव्हतं. तेलाचे थेंब बाहीवरून घरंगळून खाली गेले होते आणि बाही कोरडीठाक होती.

काकींनी साहेबांकडे पाहिलं. साहेब फोटोवाल्याला हातानं थांबवत होते.

जुना माल कुठे गेला, हे आता विचारायला नको होतं. समोर सगळं गाव तो अंगावर घालून टाळ्या वाजवत होतं.