साहेबांच्या खोलीपुरतं

इमारतीतली सगळी दारं उघडली, एक सोडून. ते साहेबांचं होतं.

दारं कॉम्प्युटरच्या हुकमावर चालायची. चष्मेवाल्या प्रोग्रामरनं गोदामाच्या दारासाठी लिहायचं ‘बंद’ चुकून सगळ्यांच्या सामायिक फाइलमध्ये लिहिलं, आणि अख्ख्या इमारतीची दातखीळ बसली. आता त्यानं तिथंच ‘उघडं’ लिहिलं होतं. शिपायापासून हिशेबनिसापर्यंत सारे सुटले, आणि घरी जायचं सोडून साहेबांच्या काचेसमोर जमले. असा योग काही रोज येत नाही.

“माझं का उघडत नाही रे?” साहेब आतून फोनवर ओरडले. खाली गाडीत लेक थांबली होती. परदेशी निघाली होती, नोकरीला, बहुधा कायमची. विमानतळावर सोडायला मीच येणार, असं साहेबांनी घरात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

“साहेब, व्हेरिएबल, म्हणजे हुकूम ज्या नावाखाली लिहितात ते नाव, एकच, ‘दार’. पण तुमच्या खोलीच्या फाइलमध्ये तुम्ही ते वेगळं लिहून घेतलंय, ‘इमारतीत गडबड झाली की बंद’. आत स्वतःचं असलं की बाहेरचं तिथं चालत नाही. याला स्कोप म्हणतात.”

“म्हणू देत काहीही! माझी फाइल बदल.”

“तिला तुमच्या बोटाचा ठसा लागतो. तुमचाच हुकूम आहे.”

“मग घे की ठसा!”

“यंत्र बाहेर आहे, साहेब. बोट आत.”

“दाराखालून सरकव, गाढवा!”

“फट तुम्ही बुजवून घेतलीत. बाहेरची कुजबुज आत येते म्हणून.”

काच फोडा, असं साहेब म्हणणारच होते. पण ती न फुटणारी कुणी मागवली होती, ते त्यांना ऐन वेळी आठवलं. शिपायालाही आठवलं असावं. तो छताकडे बघू लागला.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. वाट बघून लेकच वर आली होती. तिनं प्रोग्रामरच्या हातातला फोन घेतला.

“बाबा, निघते मी.”

“थांब गं जरा! मी सांगतो विमानवाल्यांना.”

“कुणाला सांगाल बाबा? विमान तुमच्या खोलीत नाहीये.”

साहेबांनी सवयीनं मान डोलावली, रजा मंजूर केल्यासारखी. लेक वळली. जिन्याकडचं दार, तिनं हात पुढे करायच्या आतच, सरकून उघडलं.